मदत हवी आहे: थीम पार्कमधली नोकरी, 'राजीनामा लिहून द्या' म्हणतायत

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते. पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही रात्री साडेअकराला, घरचे झोपल्यावर. लांबेल, सांभाळून घ्या.

मी घणसोलीला राहते. एका मोठ्या थीम पार्कमध्ये राइड्सला आहे. हॉटेल, वॉटर पार्क सगळं एकाच आवारात. नाव विचारू नका. १२ जून २०१७ ला ऑपरेटर म्हणून लागले, २०२३ पासून 'सीनियर टीम लीडर'. ग्रॉस २४,५००, त्यात बेसिक १३,०००. कंपनीच्या बसने जायला दीड तास, यायला किती ते ट्रॅफिकलाच ठाऊक.

गेल्या मंगळवारी सकाळच्या ब्रीफिंगनंतर आम्हा अकरा जणांना एकेक करून एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. म्हणे रिस्ट्रक्चरिंग आहे, मार्चपासून राइड्स एजन्सीकडे जाणार. हॉटेलच्या हाऊसकीपिंगचं गेल्या वर्षी असंच झालं होतं, तेव्हा आम्ही 'आपल्याला काय' म्हणून गप्प बसलो. समोर टाइप केलेला कागद ठेवला: "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. बदल्यात दोन महिन्यांचा पगार, म्हणजे ४९,०००, "सर्व देणी धरून". सही केली तर एक्स्पीरियन्स लेटर हातोहात, नाहीतर टर्मिनेशन, आणि मग पुढे कोणी उभं करणार नाही. मी म्हटलं, मिस्टरांना विचारून सांगते. (मिस्टरांना विचारून मी आजवर साडीसुद्धा घेतलेली नाही, पण त्या घटकेला तेच सुचलं.) सोमवारपर्यंत मुदत मिळाली.

ग्रॅच्युइटीचं विचारलं तर म्हणाले, तुमची सर्व्हिस नोव्हेंबर २०२१ पासून धरलीय, पाच वर्षं झालेली नाहीत. मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये पार्क बंद झालं. काही महिने अर्धा पगार दिला, मग तोही नाही, आणि २०२१ च्या दिवाळीनंतर परत बोलावलं. मधे मी राजीनामा दिला नव्हता, हिशोबही घेतला नव्हता. एम्प्लॉयी कोड तोच आहे. गळ्यातलं कार्डही तेच, त्यावर माझा लग्नाआधीचा फोटो.

वर असंही म्हणाले की टीम लीडर म्हणजे मॅनेजमेंट, तुम्हाला कामगार कायदा लागू नाही. हे खरं आहे का?

आणि एक गोष्ट, ती कायद्यात बसते की नाही माहीत नाही. काल एजन्सीची चार मुलं आली. लॅप बार कसा ओढून बघायचा, उंचीच्या पट्टीवर आई-बाप भांडायला लागले तर काय बोलायचं, इमर्जन्सी स्टॉप कधी दाबायचा, हे सगळं त्यांना शिकवायला मलाच सांगितलंय. पोरं गुणी आहेत, एक तर कोपरखैरण्याचाच. माझीच खुर्ची झटकून त्यांना बसवतेय असं वाटतं. मी नाही म्हणू शकते का?

घराचा हप्ता १४,२०० आहे. मिस्टर टुरिस्ट गाडी चालवतात, पावसाळ्यात धंदा बसतो. काय करू?

खाडीवारा:
सही करू नका. जाणकार सविस्तर लिहितीलच, सोमवार जवळ आहे म्हणून एवढं आधी.

सरळसोट:
कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं जातात. ४९ हजार घ्या आणि नव्या विमानतळावर अर्ज टाका. २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागलीत, तिकडे माणसं लागतायत. प्रॅक्टिकल व्हा ताई.

पंचिंगकार्ड:
विमानतळावर अर्ज जरूर टाका, पण ४९ हजार घेण्याआधी हे वाचा.

ताई, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात ३१ वर्षं टाइम ऑफिसला होतो. हे 'वैयक्तिक कारणास्तव' कागद मी स्वतः टाइप केलेत, म्हणून सांगतो.

कंपनीने माणूस कमी केला तर ती कामगारकपात. त्याला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही आहे. उलट तिच्यात एक भर पडलीय: कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचं वेतन वेगळ्या निधीत भरायचं, आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवं. राजीनामा लिहून दिलात की यातलं एकही लागू नाही, कारण तुम्ही 'स्वतःहून' गेलात. कागद तयार ठेवून बोलावतात तो यासाठी.

आता ग्रॅच्युइटी. ती राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं भरलेली असली की झालं. जून २०१७ पासून ८ वर्षं ८ महिने होतात. वरचे महिने सहापेक्षा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ९. बेसिक १३,००० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५ (वर्षामागे १५ दिवसांचं वेतन), आले ७,५००. त्याला ९ ने गुणा: ६७,५००.

परत वाचा. उद्या तुम्ही नुसत्या कंटाळून नोकरी सोडलीत तरी ६७,५०० तुमचे आहेत. ते तुम्हाला ४९,००० देतायत, तेही 'सर्व देणी धरून'. आणि त्यासाठीच तुमची सर्व्हिस २०२१ पासून मोजायची आहे.

लॉकडाऊनमध्ये काम थांबलं त्यात तुमचा दोष नव्हता. अशा कारणाने काम बंद राहिलं तर सेवेत खंड धरत नाहीत. आज रात्रीच पीएफचं पासबुक आणि सर्व्हिस हिस्ट्री उघडा. रुजू झाल्याची तारीख कोणती आहे आणि मधे नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय का, ते बघा. बघून झालं की पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा.

घणसोलीची_राइडवाली (धागाकर्ती):
काका, बघितलं. रुजू १२-०६-२०१७. सोडल्याची तारीख नाहीच. मेंबर आयडी एकच आहे. ६७,५०० चा हिशोब मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर तीनदा केला, तिन्ही वेळा तेवढाच आला. आता झोप लागणार नाही ते वेगळं.

बिनधास्त_बेलापूर:
३०० पेक्षा जास्त लोक असतील तर सरकारची परवानगी घेतल्याशिवाय काढताच येत नाही. पार्कमध्ये तेवढे असणारच. खेळ खल्लास.

काळाकोट_ठाणे:
बिनधास्त, ती परवानगीची तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी आहे. थीम पार्क त्यात बसत नाही. एचआरसमोर हे बोलल्या असत्या तर ताई तोंडघशी पडल्या असत्या.

ताई, मी वकील आहे, कामगारांची कामं पाहते. तुमचं 'मॅनेजमेंट' प्रकरण एवढं सरळ नाही. पदाचं नाव बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. देखरेखीचं काम आणि महिन्याला १८,००० च्या वर वेतन, असं दोन्ही असेल तर संहितेप्रमाणे तो माणूस 'कामगार' धरत नाहीत. जुन्या कायद्यात हीच मर्यादा १०,००० होती. त्यात पुन्हा वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता येत नाही, त्यामुळे १८,००० ची तुलना तुमच्या २४,५०० शी सरळ करता येत नाही. सॅलरी स्लिपमधला एकेक भत्ता बघितल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही.

तीन प्रश्न. तुमच्या हाताखालच्यांची रजा कोण मंजूर करतं? मेमो कोण देतं? आणि दिवसातले किती तास तुम्ही स्वतः राइडवर असता?

घणसोलीची_राइडवाली:
रजेचे अर्ज मी फक्त ड्युटी मॅनेजरना पाठवते. मेमो त्यांच्याकडूनच येतो, दोनदा मलाच आलाय. आठ तासांतले सहा तास मी पॅनेलवर. सकाळी रिकाम्या गाड्या फिरवून ट्रायल घेतो, त्या चेकलिस्टवर ऑपरेटरच्या रकान्यात सही माझीच. 'लीडर' म्हणजे माझ्याकडे वॉकी-टॉकी असतो एवढंच, आणि पब्लिकच्या शिव्या आधी मी खाते.

काळाकोट_ठाणे:
मग कामगार असल्याचं म्हणणं बऱ्यापैकी भक्कम आहे. ड्युटी चार्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असेल तर तो जपा. ग्रुपमधून काढण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा, आणि या महिन्यात फोन बदलू नका.

सोमवारी वाद घालू नका, रडूही नका. एवढंच बोला: 'मला राजीनामा द्यायचा नाही, काय असेल ते लेखी द्या.' घरी आल्यावर तेच एचआरला ईमेल करा: अमुक तारखेला अमुक कागदावर सही मागितली, मी नकार दिला, माझी सेवा १२ जून २०१७ पासून अखंड आहे, मी कामावर हजर आहे. चार ओळी पुरे. दुसऱ्या दिवशी कामावर जाच. गैरहजर राहिलात की त्यांना आयतं कारण मिळतं.

काढलंच तर कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ४५ दिवसांत तिथे तोडगा निघाला नाही तर पुढे दाद मागता येते. तुम्ही राहता ठाणे जिल्ह्यात, पण कामगार कार्यालय पार्क ज्या जिल्ह्यात आहे तिथलं. चुकीच्या कार्यालयात महिना घालवलेले लोक मी पाहिलेत. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
शिकवण्याच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेची बातमी गाजली होती. साधारण २५० आयटीवाल्यांना कमी केलं आणि जाण्याआधी बदलीच्या माणसांना काम शिकवून जा म्हणाले. बदलीची माणसं आपल्याकडच्या आउटसोर्सिंग कंपनीची, व्हिसावर गेलेली. मी डिस्नेच्या कामावर नव्हतो, पण ऐरोलीत बसून दुसऱ्या क्लायंटच्या अशा केटी (जुन्या माणसाकडून काम समजून घेण्याची सेशन्स) घेतल्या आहेत. पलीकडचा बाप्या शांतपणे स्क्रीन शेअर करून दाखवायचा. एकाने शेवटच्या दिवशी विचारलं, तुम्हाला तिकडे जेवायला किती वाजता सुट्टी होते? मला उत्तर सुचलं नाही.

बिनधास्त_बेलापूर:
विषयांतर.

पंचिंगकार्ड:
विषयांतर नाही. ताई, मुलांना नीट शिकवा. त्या राइडवर उद्या कुणाचं तरी लेकरू बसणार आहे, आणि ती पोरं तुमची वैरी नाहीत. फक्त शिकवण्याची ऑर्डर ईमेलवर मागा. काम शिल्लक आहे, फक्त माणसं बदलतायत, हे त्या ईमेलमधून कंपनीच स्वतःच्या हाताने लिहून देईल.

आणि नोकरी गेलीच तर पीएफ सगळा उपसू नका. दहा वर्षांची सर्व्हिस झाली की पेन्शनला पात्र होता, तुम्हाला थोडीच उरलीय. पुढच्या नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या.

घणसोलीची_राइडवाली (सोमवार, रात्री):
नाही केली सही. पाय लटपटत होते. 'लेखी द्या' म्हटल्यावर एचआरच्या मॅडम दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ईमेल वगैरे कशाला, आपण बसून बोलू." ईमेल सात वाजता बसमधूनच केला, मिस्टरांनी शुद्धलेखन तपासलं. शिकवण्याची ऑर्डर मागितली, ती अजून आलेली नाही.

सरळसोट, विमानतळावरही अर्ज टाकलाय. राग नाही.

पण अकरापैकी सहा जणांनी सही करून टाकली. त्यात आमच्यातला सगळ्यात धाकटा आहे, त्याची सहा वर्षं झालीत, घरी म्हातारी आई. त्याला ग्रॅच्युइटीचं सांगितलं तर नुसता बघत राहिला. त्याचं आता काही होऊ शकतं का?

काळाकोट_ठाणे:
शेवटचा दिवस २८ फेब्रुवारीच लिहिलाय ना? आणि स्वीकारल्याचं पत्र त्याला मिळालंय का?

घणसोलीची_राइडवाली:
तारीख तीच आहे. पत्र नाही मिळालं, उद्या देतो म्हणालेत.

काळाकोट_ठाणे:
मग आत्ता उठवा त्याला. पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख यायच्या आत मागे घेता येतो, आणि स्वीकारल्याचं पत्र हातात पडायच्या आधी मागे घेतला तर कंपनीला भांडायला जागा कमी. दोन ओळींचा ईमेल: दबावाखाली सही केली, राजीनामा मागे घेतोय. उद्याची वाट बघू नका. सही केलेल्या बाकीच्या पाच जणांनाही कळवा.

घणसोलीची_राइडवाली:
फोन लावतेय. रिंग जातेय.