पिंपळीला फळं धरत नसतील तर आधी फुलांचे तुरे बघा
झाडाखाली लावलेली पिंपळी (औषधात वापरतात ती लेंडी पिंपळीची वेल) छान पसरली पण फळ धरत नसेल, तर ती उन्हात हलवा असा सल्ला मिळतो, तो मला काही पटला नाही. कडक उन्हात तिची पानं पिवळी पडून करपतात, सावलीतलीच वेल ती. पिंपळीत नर आणि मादी वेल वेगळे असतात हे मात्र सल्ला देणारं कुणी सांगताना दिसत नाही! उभ्या फांद्यांवर, जिथे बिनदेठाची पानं खोडाला बिलगलेली असतात तिथे तुरे बघा, लांब नि बारीक असतील तर नर, आखूड जाडसर असतील तर मादी. मी एकाच वेलीच्या कांड्या लावत गेले, सगळे नरच निघाले, दोन वर्षं नुसता हिरवा गालिचा (तोही वाईट नव्हता म्हणा). आता फळं लागलेल्या वेलीचीच कांडी आणते, एक पेर पालापाचोळ्याखाली दाबलं की मुळं फुटतात.