मदत हवी आहे : एकच काढा घरातल्या सगळ्यांना चालतो का? (बाळ आठ महिन्यांचं, सासूबाईंना बीपी)

तिलकवाडीची_सून

नमस्कार मंडळी. बेळगावात पाऊस थांबायचं नाव घेईना आणि घरात एकापाठोपाठ एक सगळे शिंकायलेत. थोरलीनं शाळेतून सर्दी आणली, मग ह्यांना झाली, मग आत्यांना. कालपासून धाकट्याचंही नाक गळतंय.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, नंदगडच्या. सर्दी म्हटली की त्यांचा काढा ठरलेला. तुळशीची मूठभर पानं, ठेचलेलं आलं, चार-पाच मिरे, गवती चहाची पात, परड्यातल्या अडुळशाची दोन पानं, ज्येष्ठमधाची कांडी आणि गूळ. पातेलं निम्मं आटेपर्यंत उकळायचं. मला स्वतःला हा काढा आवडतो, प्यायलं की घसा मोकळा होतो. तेव्हा तक्रार काढ्याबद्दल नाही. अडचण ही की पातेलं एकच, आणि माणसागणिक फक्त वाटी लहान-मोठी होते.

बाळाला आत्या मधातून तुळशीचा रस चाटवायचा म्हणतात. शिवाय कापराची पुरचुंडी गळ्यात बांधायची आणि रात्री नाकात कोमट खोबरेल सोडायचं. मी आजपर्यंत काहीतरी कारण काढून टाळलंय. आत्यांना स्वतःला बीपीची गोळी चालू आहे, मीठ कमी करायला सांगितलंय, पण काढा दिवसातून तीनदा होतो. आणि सहा वर्षांची थोरली तो घोटभर घेते आणि बेसिनमध्ये थुंकून येते. तिला सोसेल असं काही असेल तर तेही सुचवा.

डॉक्टरांकडं जाणारच आहे, त्यामुळं कृपया तेवढंच लिहू नका. मला घरात सांगता येईल असं कारण हवंय. नुसतं ‘नको’ म्हटलं की ‘मग आमची पोरं कशी वाढली?’ हा प्रश्न येतो आणि माझ्याकडं उत्तर नसतं.

खानापूरकर

वैनी, उगाच घाबरायलाय. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळाभर चुलीवर काढा असतोच. बाळाला मधाचं बोट चाटवलं की गप झोपतंय. कापराची पुरचुंडी तर आमच्या सगळ्या भावंडांच्या गळ्यात होती, कुणाला काय झालं नाही. हल्ली डॉक्टर लोक सगळ्यालाच नको म्हणतात. आत्यांचं ऐका.

चिकोडीची_डॉक्टरबाई

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, म्हणून बाळापुरतं लिहिते.

एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटभरसुद्धा नको. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. तुमच्या-माझ्या पोटात ते रुजत नाहीत, पण तान्ह्याचं आतडं अजून तयार झालेलं नसतं, तिथं ते वाढून विष तयार करतात. मग आधी बद्धकोष्ठ, रडणं क्षीण होणं, अंग लुळं पडणं, आणि शेवटी श्वासावर येऊ शकतं. काढ्यात घालून उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत, म्हणून ‘आम्ही गरम करून देतो’ याला अर्थ नाही. खानापूरकर, तुमच्याकडं कुणाला झालं नाही हे खरंच असणार. हा आजार क्वचितच होतो, कारण प्रत्येक मधात ते बीजाणू नसतात. पण कुठल्या बाटलीत आहेत ते बघून कळत नाही आणि झाला तर बाळ आयसीयूत जातं. आत्यांना हे असंच सांगा.

कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते. गळ्यातली पुरचुंडी बाळ पहिल्यांदा तोंडातच घालतं, आणि गळ्यात दोरी ही आणखी वेगळी धास्ती. नाकात तेल सोडलं तर थोडं श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथं सूज धरते. त्याऐवजी केमिस्टकडं सलाइनचे नाकातले थेंब मिळतात, अंगावर पाजायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत एखाद-दोन थेंब सोडा. नाक मोकळं झालं की बाळ ओढतं. दूध थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा. काढा, रस यातलं त्याला काहीच लागत नाही.

आणि एक मोजायला शिका. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल बघून श्वास मोजायचे. दोन महिने ते वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी दाखवायचं. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ पिणंच सोडत असेल तर रात्र काढू नका.

थोरलीची उरलेली सर्दीची बाटली त्याला देऊ नका. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना बाटलीवर छापायला लावली आहे.

निपाणीचा_केमिस्ट

आत्यांबद्दल. बाकीचं पातेलं ठीक आहे, ज्येष्ठमध तेवढा वगळा. त्यात ग्लायसिरायझिन असतं. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी चढवतं. एखाद्या दिवशी कांडी चघळली तर काही होत नाही, पण रोज तीन वाट्या म्हणजे गोळी एकीकडं खेचणार आणि काढा दुसरीकडं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल (बऱ्याच गोळ्यांत असतं, पाकीट बघा) तर पोटॅशियम दोन्हीकडून जातं. पाय गळाल्यासारखे होणं, पोटऱ्यांत गोळे येणं, छातीत धडधडणं असं काही होतंय का विचारा. गोडीसाठी बडीशेप घाला.

अडुळशाबद्दल मात्र तुमच्या आत्यांना माझा नमस्कार. खोकल्याच्या बाटल्यांत ब्रोमहेक्सिन नावाचं कफ सुटा करणारं औषध असतं, ते अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच बनवलं गेलं. पानं दोनच घालतात तेही बरोबर, जास्त झाली तर मळमळतं.

घरात कुणाला रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आलं-हळद स्वयंपाकापुरतं ठेवा, हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मिरीतलं पायपरीन दुसऱ्या पदार्थाचं शोषण वाढवतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये हे हळदीतल्या कर्क्युमिनवर दाखवलं गेलं. लोक ते वाचून हळद-मिरीच्या गोळ्या घ्यायला येतात, पण हेच पायपरीन काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, ते कुणी विचारत नाही. काढ्यातल्या चार मिऱ्यांनी एवढं होत नाही.

शहापूर_गल्ली

थोरलीला ओव्याची पानं द्या की! जाड, लुसलुशीत, केसाळ पानं असतात ती. आमच्या कन्नड शेजारीण दोड्डपत्रे म्हणतात. दोन पानं तव्यावर मऊ करायची, पिळून रस काढायचा, त्यात चमचाभर मध. (ती सहा वर्षांची आहे, तिला मध चालतो ना डॉक्टरबाई?) नाहीतर बेसनात बुडवून भजी, पोरं वाद न घालता खातात. शेजारीण ओलं खोबरं, जिरं, मिरं आणि ताक घालून याची तंबळी करते, गरम भाताबरोबर एकदम झकास. सर्दीत ताक नको असं आमच्या आई म्हणायच्या, मी खाते. रात्री हुलग्याचं कढण लसणीची फोडणी देऊन करा, काढ्यापेक्षा तेच लवकर संपतंय.

चिकोडीची_डॉक्टरबाई

वर्षानंतर मध चालतो, रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा. खोकल्याला त्यानं खरंच आराम पडतो. सर्दी मात्र आठवडा-दहा दिवस आपल्या गतीनंच जाते, खोकला त्यानंतरही रेंगाळतो. ती विषाणूंची असते, म्हणून अँटिबायोटिक मागू नका. थोरलीला जमिनीवर पातेलं ठेवून वाफ देऊ नका, पावसाळ्यात भाजलेली मुलं त्यातूनच येतात.

तिलकवाडीची_सून

सगळ्यांचे आभार. मधाचं कारण सांगितल्यावर आत्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘आधीच सांगायचं की.’ ज्येष्ठमधावरून मात्र वाद झाला. शेवटी पोटऱ्यांत गोळे येतात का विचारलं तर ‘ते तर वयाचं आहे’ म्हणाल्या! तपासणीत पोटॅशियम बघून घेणार आहे. आता पातेली दोन झालीत, ज्येष्ठमध घातलेलं ह्यांच्या वाट्याला. कापूर अजून देवघरातून आणून उशाशी ठेवतात, ते मी रोज उचलते.

आणखी एक. पुढच्या आठवड्यात नणंद येणार, पाचवा महिना आहे. तिला यातलं काय?

निपाणीचा_केमिस्ट

अडुळसा नको, त्याचा गर्भाशयावर परिणाम होतो. ज्येष्ठमधही नको. आल्याचा चहा, हळद-दूध घरी नेहमी घेतो तेवढं चालतं. ताप असला तर तिच्या डॉक्टरांना फोन, स्वतःहून गोळी नको.

खानापूरकर

मधाचं पटलं. घरी बहिणीचं पोर सहा महिन्यांचं आहे, तिला आत्ताच फोन लावला. कापराचं अजून मनाला पटेना, पण दोरी गळ्यात नको हे खरं.

तिलकवाडीची_सून

शहापूर गल्ली, ओव्याची पानं गणपत गल्लीत मिळतील का? कुणाकडं विचारू?

शहापूर_गल्ली

विकत कशाला घेताय? पाठवते एक फांदी, निरोपात गल्ली कळवा. मातीत खोचली की लागते. कुंडी वळचणीला ठेवा पण पागोळ्यांखाली नको, पाणी जास्त झालं की देठ कुजतंय.