पिशवी काढली, तरी दरवर्षी पॅप स्मिअर कशाला?

मृद्गंध: सासूबाईंची पिशवी फायब्रॉइडच्या गाठींमुळे काढली, गर्भाशयमुखासकट. बायोप्सी स्वच्छ, आधीचे पॅप नॉर्मल. तरी चेकअपच्या पॅकेजात दरवर्षी पॅप स्मिअर, म्हणजे कर्करोगासाठी पेशी घेऊन बघायची तपासणी, आहेच! अमेरिकेतल्या तज्ज्ञ कार्यदलाने 2018 मध्येही अशा बायकांची ही तपासणी करू नका असंच सांगितलंय. योनीचा कर्करोग स्त्रियांच्या जननमार्गाच्या कर्करोगांत जेमतेम 1-2 टक्के. मला तर हा बिल फुगवायचा धंदा वाटतो.

शामली: मुख गेलं, योनी आहे ना? एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू, तिथेही राहतो. कर्करोगाआधीचे बदल बहुतेकदा योनीच्या वरच्या भागात होतात, आणि त्रास काहीच होत नाही. माझ्या मावशीची पिशवी सीआयएन-3 साठी, म्हणजे मुखावरच्या कर्करोगाआधीच्या गंभीर बदलांसाठी, काढली होती. पुढे व्हॉल्ट स्मिअर (योनीच्या वरच्या टोकाचा पॅप) बिघडलेला आला. कॉल्पोस्कोपीत (भिंगातून तपासताना) आयोडीन लावलं तर सगळीकडे तपकिरी रंग चढला, टाक्यांच्या कोपऱ्यातला एक पट्टा तेवढा पिवळट राहिला. बायोप्सी तिथलीच घेतली. स्मिअर केलाच नसता तर?

मृद्गंध: अहो, मावशींना सीआयएन-3 होता! 'तपासणी नको' हे त्यांच्यासाठी नाहीच. सीआयएन-2 किंवा त्याहून वरचं काही निघालं असेल तर आधी तीन वर्षं दरवर्षी, मग दर तीन वर्षांनी, असं किमान 25 वर्षं एचपीव्ही तपासायला सांगतात. त्यावरून सरसकट सगळ्यांना रांगेत का उभं करायचं?

स्लाइडवाला: लॅबमध्ये काम करतो म्हणून सांगतो. पाळी गेल्यावर योनीचं अस्तर सुकतं, पेशी विचित्र दिसतात, रिपोर्टवर 'अ‍ॅटिपिकल' पडतं. घरात रडारड. काही आठवडे इस्ट्रोजेन क्रीम लावून पुन्हा स्मिअर घेतला की बरेचदा सगळं ठीक निघतं. मृद्गंधताईंशी सहमत.

बालाघाटची लेक: तुम्ही सगळे बायोप्सीचा रिपोर्ट हातात धरून भांडताय. आमच्या बीडला 2019 च्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडला की दंड, म्हणून कितीजणींनी ऐन तिशीत ऑपरेशन करून घेतलं. त्यांना विचारा, मुख काढलं की ठेवलं? "पिशवी काढली" एवढंच सांगतात. आधी पॅप कुणी केला होता? मुख राहिलं असेल तर त्यांची तपासणी इतरांसारखीच चालू राहायला हवी. कागद नाही म्हणून सोडून द्यायचं?

मृद्गंध: नाही, हे पटलं. स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) लावून एकदा बघितलं की मुख आहे की नाही ते कळतं. पण त्यासाठी दरवर्षीचं पॅकेज लागत नाही.

शामली: आणि मुख नाही, पण पूर्वीचं काहीच माहीत नाही, तिचं काय? मी तर एचपीव्ही टेस्ट करा म्हणेन. त्याचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते.

स्लाइडवाला: ती टेस्ट तांड्यावर पोचवणार कोण, ते पण सांगा. आणि ऑपरेशननंतर रक्त दिसलं तर या वादाची वाट न बघता डॉक्टर गाठा.