स्टुडिओतून थेट पंतप्रधान कार्यालयात: मध्ये काही काळ जायला हवा की नको?

सुकाणू (धागाकर्ता):

एनडीटीव्ही इंडिया या हिंदी वृत्तवाहिनीचे व्यवस्थापकीय संपादक पंकज पचौरी जानेवारी २०१२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या कार्यालयात संपर्क सल्लागार म्हणून रुजू झाले. त्यांच्या आधीचे माध्यम सल्लागार हरीश खरे 'द हिंदू'मधून आलेले होते, आणि २००४ ते २००८ या काळात ते काम पाहणारे संजय बारू 'फायनान्शियल एक्स्प्रेस'चे मुख्य संपादक राहिलेले होते. पत्रकाराला या खुर्चीत बसवण्याची प्रथा तशी रुळलेली होती. फरक इतकाच, की आधीचे दोघे छापील माध्यमातले होते आणि पचौरींचा चेहरा हिंदी प्रेक्षकांच्या घरोघरी ओळखीचा होता.

पत्रकाराने सरकारची किंवा पक्षाची नोकरी करू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. प्रत्येकाला पेशा बदलण्याचा हक्क आहे, आणि सरकारने आपली बाजू नीट मांडण्यासाठी जाणकार माणूस नेमणे यातही गैर काही नाही. माझा आक्षेप मधल्या काळावर आहे, किंवा खरे तर मधला काळच नसण्यावर आहे. संपादक सोमवारी सरकारवरच्या चर्चेचे सूत्रसंचालन करतो आणि थोड्याच दिवसांत त्याच सरकारच्या वतीने बोलू लागतो, तेव्हा बोलणी कधी सुरू झाली होती आणि त्या दरम्यान कोणत्या बातम्या कोणत्या क्रमाने लागल्या, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. कदाचित काहीही वावगे घडलेले नसेल, पण ते तपासून पाहण्याचा कोणताही मार्ग प्रेक्षकाकडे नसतो.

याबाबत नियम शोधायला गेल्यास हाती काही लागत नाही. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी धरायची असेल, तर सरकारची परवानगी लागते. पत्रकाराबाबत मात्र तसे काही नाही. प्रेस कौन्सिलचे कार्यक्षेत्र १९७८ च्या कायद्यानुसार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरते आहे, आणि वृत्तवाहिन्यांची स्वनियमन संस्था प्रसारित झालेल्या मजकुराच्या तक्रारी ऐकते, संपादकाची पुढची नोकरी तिच्या कक्षेत येत नाही. वृत्तविभागाचे प्रमुख आणि नियमित सूत्रसंचालक यांच्यापुरता तरी, पडदा सोडल्यापासून राजकीय पद स्वीकारेपर्यंत सहा महिन्यांचा खंड वाहिन्यांनी नेमणुकीच्या करारातच घालावा, असे माझे मत आहे. त्यावर इतरांचे काय म्हणणे आहे ते वाचायला आवडेल.

निवृत्त बातमीदार:

सुकाणू, आपला आक्षेप सभ्य भाषेत मांडलेला असला तरी त्याच्या मुळाशी अविश्वास आहे, आणि तोही चुकीच्या माणसांवर. जो पत्रकार उघडपणे राजीनामा देऊन सरकारात जातो, त्याचा हिशेब सगळ्यांसमोर असतो. त्याने पूर्वी काय विचारले आणि काय विचारायचे टाळले, हे जुने कार्यक्रम काढून कोणीही तपासू शकते. राजीनामा न देता स्टुडिओतल्या खुर्चीवर बसूनच एखाद्या पक्षाचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांना तुमचा सहा महिन्यांचा खंड कुठे आड येतो? उलट अशा नियमाचा संदेश असा जाईल, की निष्ठा जाहीर केलीत तर शिक्षा आणि झाकून ठेवलीत तर मोकळीक.

दुसरे असे, की सहा महिने पगाराविना कोण बसणार? मोठ्या संपादकाला ते परवडेल, पण वृत्तवाहिनीतली नोकरी किती कच्च्या धाग्यावर असते, हे आत काम केलेल्यालाच ठाऊक. करार एका वर्षाचा असतो, आणि खर्चकपातीच्या फेऱ्यात पहिला नंबर फिल्डवरच्या माणसांचा लागतो. अशा वेळी एखाद्या मंत्र्याच्या कार्यालयात नोकरी मिळत असेल, तर 'आधी शुद्ध होऊन या' असे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सुकाणू:

फिल्डवरच्या बातमीदाराला मी वगळलेलेच आहे. वृत्तविभागाचे प्रमुख आणि नियमित सूत्रसंचालक यांच्यापुरता असे मूळ लेखात लिहिले आहे. त्या काळातला पगार वाहिनीने द्यावा, कारण ज्या ओळखीच्या चेहऱ्याला राजकारणात किंमत येते तो वाहिनीनेच घडवलेला असतो. जुने कार्यक्रम तपासता येतात, हा युक्तिवाद मला पटत नाही. जे प्रसारित झाले ते दिसते, पण दुपारच्या बैठकीत कोणती बातमी मागे ठेवली गेली हे कुठल्याही संग्रहात सापडत नाही, आणि संपादकाची खरी सत्ता त्या बैठकीतच असते.

माणूस किती लवकर बदलतो याचे उदाहरण देतो. सप्टेंबर २०१२ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने डॉ. सिंग यांच्यावर बोचरा लेख छापला, ज्यात त्यांचे वर्णन मौनात गेलेले, शोकांतिकेतल्या नायकासारखे पंतप्रधान असे केले होते. पचौरींनी त्या वार्ताहराला खरमरीत पत्र लिहिले. सरकारवर टीका करणे हा पत्रकाराचा हक्क आहे, पण आमची बाजू विचारण्यासाठी संपर्क साधला नाही हे अव्यावसायिक आहे, असा त्याचा सूर होता. त्या लेखात संजय बारू यांचेही एक विधान होते आणि ते जुने विधान नव्याने वापरल्याची तक्रारही पत्रात केली होती. वार्ताहराने उत्तर दिले, की पंतप्रधानांच्या मुलाखतीसाठी आपण केलेल्या विनंत्या फेटाळल्या गेल्या होत्या किंवा त्यांना उत्तरच मिळाले नव्हते. पत्रात मात्र म्हटले होते, की नकार केवळ संसदेचे पावसाळी अधिवेशन संपेपर्यंतचा होता. संपादकपदावर असताना पचौरींच्या बातमीदाराला एखाद्या कार्यालयाने असे उत्तर दिले असते, तर त्यांनी त्याला नकारच म्हटले असते.

निवृत्त बातमीदार:

हेच उदाहरण मी माझ्या बाजूने वापरीन. 'दुसऱ्या बाजूला विचारलेत का' हा प्रश्न प्रत्येक मुख्य उपसंपादक प्रत्येक बातमीदाराला विचारतो, आणि पचौरींनी तोच विचारला. सनदी अधिकारी त्या जागी असता, तर चार दिवसांनी 'सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही' अशा धाटणीचा खुलासा निघाला असता आणि तो कोणी वाचलाही नसता. बातमीचे चक्र किती वेगाने फिरते हे जाणणारा माणूस तिथे होता, म्हणून उत्तर त्याच दिवसात गेले. पंतप्रधान कार्यालयाचे ट्विटर खातेही पचौरी आल्यावर जानेवारी २०१२ मध्येच सुरू झाले. २०१४ मध्ये सत्तांतर झाले तेव्हा त्याचे बारा लाखांहून अधिक अनुयायी होते आणि ते नव्या सरकारकडे कसे सोपवायचे यावरून वाद झाला, म्हणजे ज्यावर भांडावे असे काहीतरी त्यांनी उभे केले होते एवढे तरी मान्य करावे लागेल.

चिकित्सक:

आपण दोघेही नैतिकतेवर बोलत आहात, आणि मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: दूरचित्रवाणीवरचा माणूस नेमून सरकारला नेमके मिळते काय?

२४ डिसेंबर २०१२ ची सकाळ आठवावी. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेला आठ दिवस झाले होते, इंडिया गेटच्या परिसरात तरुणांवर पाण्याचे फवारे आणि लाठ्या चालल्या होत्या, आणि पंतप्रधान प्रथमच दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले. भाषण लिहिलेले होते आणि शब्दही योग्य होते. आपण स्वतः तीन मुलींचे वडील आहोत असे ते म्हणाले. शेवटी मात्र ध्वनिचित्रफितीतला 'ठीक है' हा कॅमेऱ्यामागच्या लोकांना उद्देशून केलेला प्रश्नही तसाच प्रसारित झाला आणि दिवसभर देश त्या दोन शब्दांवर हसत आणि चिडत राहिला. ज्या कार्यालयात वृत्तवाहिनीचा माजी व्यवस्थापकीय संपादक बसला होता, तिथून न कापलेली फीत बाहेर गेली. दोष कोणाचा, हा माझा मुद्दा नाही. ती फीत नीट कापली गेली असती, तरी आठ दिवसांचे मौन संकलनात कापता आले नसते.

सरकारे दूरचित्रवाणीवरचा माणूस आणतात ती आपली अडचण सादरीकरणाची आहे अशा समजुतीने. डॉ. सिंग यांची अडचण राजकीय होती. २७ सप्टेंबर २०१३ रोजी राहुल गांधींनी दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये येऊन मंत्रिमंडळाने मंजूर केलेला, दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींबाबतचा अध्यादेश फाडून फेकण्याच्या लायकीचा असल्याचे सांगितले, आणि तेव्हा पंतप्रधान अमेरिकेत होते. त्या दुपारी जगातला सर्वोत्तम संपर्क सल्लागारही काय करणार होता? एप्रिल २०१४ मध्ये, बारूंनी डॉ. सिंग यांच्याविषयी लिहिलेल्या पुस्तकावरून गदारोळ उठल्यावर, पंतप्रधानांनी दहा वर्षांत हजाराहून अधिक भाषणे केल्याची आकडेवारी पचौरींनी पत्रकारांसमोर मांडली. माझ्या मते ते त्या कारकिर्दीतले सर्वांत करुण दृश्य आहे. आपला नेता बोलतो हे मोजून सिद्ध करावे लागते, तेव्हा ती लढाई हरलेली असते.

तेव्हा सुकाणू, तुमच्या खंडाला माझा विरोध नाही, पण ज्या प्रभावाची तुम्हाला भीती वाटते तो एवढा मोठा आहे असे मला वाटत नाही.

टेम्सकाठी:

गेली काही वर्षे लंडनमध्ये राहत असल्याने इथले चित्र सांगतो. इकडे हा रस्ता फारच वापरातला आहे. क्रेग ऑलिव्हर बीबीसीच्या वृत्तविभागातून २०११ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्याकडे गेले, रॉबी गिब बीबीसीच्या वेस्टमिन्स्टर (संसदीय राजकारण) विभागाचे प्रमुखपद सोडून २०१७ मध्ये तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांच्याकडे गेले. सरकारी पद सोडून खासगी क्षेत्रात जाणाऱ्या मंत्र्यांवर आणि अधिकाऱ्यांवर इथे निर्बंध आहेत, पण वृत्तकक्षातून सरकारात येणाऱ्या पत्रकाराला ते लागू होत नाहीत, कारण ते फक्त बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत.

चिकित्सक यांच्या मताला सर्वांत बोलके उदाहरण अॅलेग्रा स्ट्रॅटन यांचे आहे. बीबीसी आणि नंतर आयटीव्ही या वाहिन्यांत राजकीय पत्रकारिता केल्यावर त्या २०२० मध्ये अर्थखात्यात ऋषी सुनक यांच्याकडे आणि त्याच वर्षी तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या माध्यम सचिव म्हणून डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधान कार्यालयात आल्या. अमेरिकेच्या धर्तीवर दररोज थेट प्रक्षेपित पत्रकार परिषद घेण्याची योजना होती आणि त्यासाठी २६ लाख पौंड खर्चून दालनही उभारले गेले. एप्रिल २०२१ मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. स्ट्रॅटन यांनी तिथे एकही परिषद घेतली नाही. डिसेंबर २०२० मधल्या सरावाची फीत मात्र मागे राहिली. टाळेबंदीच्या काळात डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या पार्टीबद्दल एका सहकाऱ्याने सरावापुरता प्रश्न विचारला, आणि उत्तर काय द्यावे हे न सुचल्याने त्या हसल्या. ७ डिसेंबर २०२१ रोजी ती फीत प्रसारित झाली, आणि दुसऱ्याच दिवशी स्ट्रॅटन यांनी रडवेल्या आवाजात राजीनामा दिला. फीत दाखवणारी वाहिनी आयटीव्ही होती, म्हणजे त्यांचीच जुनी वाहिनी. सुकाणू यांना वाटते तितकी जुनी ओळख कामाला येतेच असे नाही.

मला अधिक चिंता वाटते ती परतीच्या वाटेची. गिब २०२१ मध्ये बीबीसीच्या संचालक मंडळावर आले. सरकारची बाजू सांभाळून आलेला माणूस सार्वजनिक वाहिनीच्या नियंत्रक मंडळात बसतो, तेव्हा सहा महिन्यांचा प्रश्न किरकोळ वाटू लागतो.

सुकाणू:

परतीच्या वाटेबाबत मी टेम्सकाठी यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि आपल्याकडे ती आणखी सैल आहे. आयबीएन ७ चे व्यवस्थापकीय संपादक आशुतोष जानेवारी २०१४ मध्ये आम आदमी पक्षात गेले, काही महिन्यांत चांदनी चौकातून लोकसभा लढवून हर्षवर्धन यांच्याकडून हरले, २०१८ मध्ये पक्ष सोडला आणि पुन्हा राजकीय विश्लेषक झाले. त्यांचे विश्लेषण वाईट असते असे नव्हे, पण वाहिन्या त्यांच्या नावाखाली 'माजी पक्षनेते' अशी ओळख किती वेळा देतात? 'ईटी नाऊ'मधून २०१९ मध्ये काँग्रेसमध्ये गेलेल्या सुप्रिया श्रीनेत आज पक्षाचा समाजमाध्यम विभाग सांभाळतात, पण त्या पक्षाच्या म्हणूनच बोलतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्नच येत नाही.

मंत्रालयाजवळ:

दिल्ली आणि लंडन झाले असेल, तर थोडे जिल्ह्याकडे या. मुंबईत आपले संपादक राज्यसभेत गेले, भारतकुमार राऊत शिवसेनेकडून आणि कुमार केतकर काँग्रेसकडून, तेव्हा त्यांची भूमिका वाचकांना आधीपासून माहीत होती आणि कोणाची फसवणूक झाली नाही. फसवणूक होते ती तालुक्याच्या ठिकाणी, आणि तिथे कोणी नोकरी बदलतच नाही.

तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरते असते आणि जाहिरातीचे टार्गेट मात्र खरे असते. आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी निघते, तिच्यातल्या शुभेच्छांच्या जाहिराती त्यानेच गोळा करायच्या, त्यातले कमिशन हेच त्याचे उत्पन्न. त्याच आमदाराच्या कार्यालयातून फोन येतो, की दौऱ्याची बातमी आणि चार फोटो तुम्हीच टाइप करून सगळ्या गटांवर टाका. तो टाकतो. हाच माणूस स्थानिक केबल वाहिनीसाठी माईक घेऊन त्याच आमदाराला प्रश्नही विचारतो. याला राजकीय संपर्काचे काम म्हणायचे नाही तर काय? राजीनामा नाही, नेमणुकीचे पत्र नाही, त्यामुळे तुमचा सहा महिन्यांचा खंड कोणत्या तारखेपासून मोजायचा, हे सुकाणू यांनी सांगावे.

सुकाणू:

त्याच्यासाठी खंड हा उपाय नाही, हे मान्य. त्याला जाहिरातीच्या टार्गेटमधून मोकळे करणे हा उपाय आहे, आणि तो मालकाच्या हातात आहे. पण तालुक्यात हा प्रकार चालतो म्हणून दिल्लीतल्या संपादकाला मोकळे सोडावे, हे तर्कशास्त्र मला मान्य नाही. संपादकाकडे निवड असते आणि त्या वार्ताहराकडे ती नसते, म्हणून नियम आधी संपादकाला लावावा.

निवृत्त बातमीदार:

'मालकाच्या हातात' हे दोन शब्द आपण फार सहज लिहून गेलात. करारात खंड घालणाराही मालकच, आणि उद्या त्याच मालकाला सरकारी जाहिराती किंवा परवान्याचे नूतनीकरण हवे असेल, तर आपला संपादक मंत्र्याच्या कार्यालयात गेलेला त्याला आवडेल की नकोसा वाटेल? ज्याला या स्थलांतराचा फायदा होतो, त्याच्याकडेच आपण पहारा सोपवत आहात. करार नको, वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने एवढाच नियम करावा, की संपादक राजकीय पदावर गेला तर बोलणी कधी सुरू झाली ती तारीख वाहिनीने पडद्यावर जाहीर करावी. सहा महिने कोणाला घरी बसावे लागणार नाही, आणि तपासण्याचा जो मार्ग प्रेक्षकाकडे नाही असे आपण मूळ लेखात म्हणता, तो थोडाफार तरी त्याला मिळेल.

सुकाणू:

तारीख जाहीर करण्याची सूचना मला मान्य आहे, आणि खंडाआधी तीच लागू व्हावी असेही मी म्हणेन. फक्त ती तारीख वाहिनीच्या सोयीने नव्हे, तर संपादकाच्या सहीने जाहीर व्हावी. मालकाच्या फायद्याबद्दलचा आपला मुद्दा मात्र मला अजून सोडवता आलेला नाही.