बोलिंजे आणि लाकडी पिंपं

'लाकडी पिंपात आंबवली म्हणजे वाइनला लाकडाचा, व्हॅनिलाचा वास येणारच' हे मत बोलिंजे या शॅम्पेन बनवणाऱ्या फ्रेंच घराण्याला तरी लागू होत नाही. आय गावातलं १८२९ पासूनचं हे घराणं मुद्दाम जुनी, वापरलेली पिंपं घेतं. त्यांची दुरुस्ती करायला स्वतःचे कारागीरही ठेवतं. अशा पिंपातून चव उतरत नाही, लाकडातून थोडी हवा मात्र मिळत राहते.

आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांच्या राखीव वाइन (पुढच्या मिश्रणांसाठी जपून ठेवलेल्या आधीच्या वर्षांच्या वाइन). बहुतेक जण त्या टाक्यांत ठेवतात. हे लोक त्यातल्या निवडक वाइन दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत, खऱ्या बुचाखाली, वर्षानुवर्षं मुरवतात आणि मग 'स्पेशल क्युवे' या आपल्या नेहमीच्या शॅम्पेनमध्ये मिसळतात. प्रत्येक बाटली हातानं उघडायची! त्यातला भाजलेल्या अक्रोडासारखा खोल स्वाद मला तरी या मॅग्नमचीच देणगी वाटतो.