मदत हवी आहे: हॅवलॉकला रिसॉर्ट राधानगरला घ्यावा की विजयनगरला?

लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. फेब्रुवारीत आम्ही दोघंच अंदमानला निघालोय. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, मग हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, चार रात्री नुसता आराम. स्कूबा वगैरे काही नको.

अडलंय ते रिसॉर्टपाशी. राधानगर पश्चिमेला, मऊ वाळू आणि साडेपाचच्या सुमाराचा सूर्यास्त, पण जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर आत. विजयनगर पूर्वेला, सूर्योदय खोलीतूनच दिसेल, पण ओहोटीला पाणी लांब जाऊन प्रवाळाचे खडक उघडे पडतात. त्यात आमच्या तारखा पौर्णिमेला लागून आहेत. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही मोठी, हे मी रत्नागिरीची असल्याने लहानपणापासून बघतेय. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खडकांतून चालणं जमणार नाही. पण पाण्यात पाय सोडून बसायची त्यांची फार इच्छा आहे.

विजयनगरला राहिलेल्यांनी सांगा ना, दिवसातून किती तास पाण्यात उतरता येतं? राधानगरला संध्याकाळनंतर जेवणाची सोय रिसॉर्टमध्येच असते का? आणि ह्यांना बोट लागते, तर सकाळची फेरी बरी की दुपारची?