शब्दचर्चा: ग्लिच, एक्स्प्लॉइट, शॉर्टकट यांना मराठीत तीन वेगळे शब्द हवेत
(प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उपशीर्षक
'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतल्या व्हिडिओ खेळांच्या स्पीडरनवर (खेळ कमीत कमी वेळात संपवण्यावर) एक चित्रफीत आहे, तिला मराठी उपशीर्षकं द्यायची आहेत. एका वाक्यावर काम अडलं आहे. निवेदकाचं म्हणणं असं: 'मॉरोविंड'मध्ये टार्हिएल या पात्राजवळच्या जादूच्या भेंडोळ्यांनी मारायची उडी हा ग्लिच (प्रोग्राममधला घोटाळा) नाही, शॉर्टकट आहे. त्याच खेळातली बुद्धिवर्धक औषधं हा एक्स्प्लॉइट (नियमच पिळून काढलेला फायदा). आणि 'स्कायरिम'मध्ये ताटली धरून भिंतीपलीकडे जाणं हा खरा ग्लिच.

शॉर्टकटला 'आडवाट', एक्स्प्लॉइटला 'पळवाट' आणि ग्लिचला 'त्रुटी' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांचा आग्रह आहे की तिन्हींना 'त्रुटी' म्हणावं, प्रेक्षकाला उगाच गोंधळात टाकू नये. पण वाक्याचा जीवच या तिघांतल्या फरकात आहे. शब्द आखूड हवेत, पडद्यावर दोन ओळींत मावले पाहिजेत. प्रेक्षक खेळ जाणणारे आहेत, त्यांना नियम समजावत बसायचं नाही.

गडवाट
'आडवाट' आधी काढा. आडवाट म्हणजे रुळलेल्या रस्त्यापासून बाजूला असलेली वाट. ती जवळची असेलच असं नाही, बरेचदा लांबचीच पडते.

किल्ल्याच्या भाषेत विचार केला तर फरक नीट कळतो. चोरदिंडी ही गड बांधणाऱ्यानेच ठेवलेली असते, फक्त ती कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक नसतं. खिंडार त्याने ठेवलेलं नसतं, ते पडतं किंवा कुणीतरी पाडतं. टार्हिएल ही सरळसरळ चोरदिंडी आहे. सेडा नीन गावाबाहेर तो आकाशातून पडून मरतो, त्याच्याजवळ तीन भेंडोळी मिळतात. एक वाचलं की अ‍ॅक्रोबॅटिक्स हे उडीचं कौशल्य 7 सेकंदांसाठी 1000 गुणांनी वाढतं. उडी मात्र 7 सेकंदांपेक्षा खूप जास्त वेळ चालते, म्हणजे जमिनीला टेकताना अंमल उतरलेला असतो आणि तुम्ही टार्हिएलसारखेच मरता. त्यासाठी टेकायच्या जरा आधी दुसरं भेंडोळं वाचायचं आणि त्याच्याच अंमलात लगेच पुढची उडी घ्यायची. ती उडी उतरायला तिसरं लागतं. म्हणजे तीन भेंडोळ्यांत निर्धास्त उड्या दोनच. तिसरी घ्यायची असेल तर खाली पाणी हवं. हे सगळं खेळ करणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवलेलं आहे. याला 'त्रुटी' म्हणणं म्हणजे त्यांच्या कामाचा अपमान आहे.

म्हणून शॉर्टकट म्हणजे चोरदिंडी, ग्लिच म्हणजे खिंडार.

बोरू
चोरदिंडी छान, पण खिंडार पटत नाही. खिंडार लांबून दिसतं आणि त्यातून फौज आत शिरते. ग्लिच इतका बारीक असतो की बोट नेमकं कुठे ठेवायचं ते माहीत असल्याशिवाय तो सापडत नाही. त्याला 'फट' म्हणा.

आणि मूळ शब्द काय आहे तेही पाहा. ग्लिच हा यिडिशमधल्या 'घसरणं, निसरडी जागा' या अर्थाच्या शब्दावरून आला असं बहुतेक कोशकार मानतात. जॉन ग्लेन या अंतराळवीराने 1962 मध्ये विजेच्या दाबात अचानक येणाऱ्या उसळीसाठी तो वापरला, तिथून तो सर्वतोमुखी झाला. त्या हिशोबाने आपल्याकडे 'निसरडं' हा शब्द तयारच आहे. 'इथे निसरडं आहे' हे वाक्य कोकणात पावसाळ्यात कुणालाही समजतं.

'त्रुटी' मात्र कुठल्याही अर्थाने बसत नाही. त्रुटी म्हणजे उणेपणा, काहीतरी कमी पडणं. ग्लिचमध्ये उलट नको ते जास्तीचं घडतं.

रसायन
पळवाटेबद्दल. पळवाट माणूस जबाबदारी टाळण्यासाठी शोधतो, तिचं तोंड बाहेरच्या बाजूला असतं. कर चुकवायला पळवाट, कलमातून सुटायला पळवाट. एक्स्प्लॉइट करणारा कशातूनही सुटत नसतो, तो नियमाला धरून नियमच पिळून काढतो.

मॉरोविंडमधल्या औषधाचा जोर मुख्यतः किमया या कौशल्यावर आणि खलाच्या दर्जावर ठरतो, आणि थोडा बुद्धी व नशीब यांवर. अ‍ॅश याम आणि ब्लोट हे दोन जिन्नस एकत्र कुटले की बुद्धी वाढवणारं औषध होतं. ते प्यायचं, अंमल चालू असतानाच दुसरं करायचं, ते पहिल्यापेक्षा जोरकस निघतं. हे अंमल एकमेकांवर चढतात. सामानाची यादी उघडी असताना खेळातला काळ थांबलेला असतो, त्यामुळे पहिल्याचा अंमल मधे उतरत नाही. काही फेऱ्यांनी बुद्धी हजारांत जाते आणि त्या बुद्धीने केलेली वेगाची किंवा बळाची औषधं खेळाच्या कल्पनेबाहेरची होतात. धोका इतकाच की बळ अति वाढलं तर हातातलं शस्त्र पहिल्याच फटक्यात मोडतं. आणि खेळातलं घड्याळ थांबलं तरी धावणाऱ्याचं, म्हणजे स्पीडरन करणाऱ्याचं, थांबत नाही, म्हणून किती फेऱ्या करायच्या हे आधीच मोजून ठेवावं लागतं.

यात प्रोग्राम कुठेही चुकलेला नाही. बुद्धी वाढली की औषध चांगलं होणार, हा लिहिलेलाच नियम. त्या नियमात एक गोम आहे, एवढंच. एक्स्प्लॉइटला 'गोम' म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे. 'यातली गोम अशी की' हे आपण रोज म्हणतो.

करवीर
गोम शब्द मनापासून आवडला, पण त्याचा अर्थ पुरता घ्या. गोम म्हणजे घोड्याच्या अंगावरचा केसांचा भोवरा. तो अमुक जागी असेल तर घोडा खोडीचा, अपशकुनी. विकणारा गोम लपवतो, जाणता घेणारा अंगावर हात फिरवून ती शोधतो. म्हणजे गोम हा दोषच झाला. तो शोधणाऱ्याला टाळायचा असतो, वापरायचा नसतो.

बोरू
घोड्याची गोम नंतरची. आधी गोम म्हणजे शंभर पायांचा किडा, कानात शिरतो म्हणून पोरांना ज्याची भीती घालतात तो. केसांची ओळ त्याच्यासारखी दिसते म्हणून तिलाही गोम म्हणू लागले असावेत. तसं असेल तर 'बग'ला आपल्याकडे पहिल्यापासून सख्खा भाऊ आहे. हार्वर्डच्या मार्क 2 यंत्रात 1947 मध्ये पतंग सापडला आणि नोंदवहीत चिकटवून ठेवला, तिथूनच संगणकातला 'बग' आला.

गडवाट
तिथून आला नाही. एडिसनच्या 1878 च्या पत्रात यंत्रातल्या अडचणींना 'बग' म्हटलेलं आहे. 1947 च्या नोंदीतली गंमतच अशी की शब्द आधीपासून रूढ होता आणि या वेळी खराखुरा किडा मिळाला. किड्यावरून गोमेकडे आणि गोमेवरून घोड्याकडे अशी सोयीची साखळी ओढायची असेल तर पुरावा द्या.

शाईपेन
एवढ्या लांब कशाला जायचं? 'खोट' घ्या. नाण्यात खोट, सोन्यात खोट. बाहेरून धड, आत गडबड. ग्लिच अगदी असाच असतो.

पोकेमॉनच्या रेड आणि ब्लू आवृत्त्यांतली सर्वांत प्रसिद्ध खोट पाहा. विरिडियन गावातला म्हातारा पोकेमॉन कसा पकडायचा ते दाखवतो. तेवढ्या वेळापुरतं खेळाडूच्या नावाच्या जागी म्हाताऱ्याचं नाव हवं असतं, म्हणून खेळाडूचं खरं नाव तात्पुरतं मेमरीच्या भलत्याच खणात ठेवलं जातं: गवतात कोणते पोकेमॉन भेटणार याची यादी ज्यात असते त्या खणात. एरवी पुढच्या रस्त्यावर पाऊल टाकताच ती यादी नवी होते आणि काही बिघडत नाही. पण तिथून थेट उडत सिनाबार बेटावर गेलं तर मधे कुठला रस्ता लागत नाही आणि बेटाला स्वतःची यादी नाही. पूर्व किनाऱ्याची कड गवताची यादी वाचते. तिथे खालीवर पोहत राहिलं की खेळाडूच्या नावातली अक्षरं पोकेमॉन म्हणून समोर येतात आणि त्यांतच मिसिंगनो हा गफलतीतून उपजलेला पोकेमॉन भेटतो. तो दिसला की सामानातल्या सहाव्या वस्तूची संख्या 128 ने वाढते. त्याची किंमत म्हणजे हॉल ऑफ फेम या विजयांच्या नोंदीतली चित्रं विस्कटतात. उडत न जाता रस्त्याने गेलात तर यादी पुसली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

प्रोग्राममधला घोटाळा, बाहेर कुठेही न दिसणारा. 'खोट' याहून नेमका शब्द नाही.

रसायन
खोटेत फसवणुकीचा वास आहे. 'त्याच्या मनात खोट आहे' म्हणतो आपण. जागा वाचवायला दोन कामांना एकच खण वापरला, त्यात कुणाच्या मनात काय होतं?

आरटीए
थोडं थांबा. तुम्ही सगळे ग्लिच आणि एक्स्प्लॉइट यांच्यात रेघ ओढताय, पण ती रेघ धावणाऱ्यांनाही ओढता आलेली नाही. स्कायरिममधला रिस्टोरेशनचा (बरं करण्याच्या जादूच्या कौशल्याचा) फेरा घ्या. रिस्टोरेशन वाढवणारं औषध प्यायलं की अंगावरच्या मंतरलेल्या वस्तूंचाही जोर वाढतो, कारण त्यांचे गुण खेळाने रिस्टोरेशनच्याच खात्यात घातले आहेत. वस्तू काढून पुन्हा घालावी लागते, नाहीतर वाढ लागू होत नाही. किमया वाढवणारी अंगठी अशी जोर धरते, त्या जोरावर आणखी कडक औषध, पुन्हा अंगठी काढायची, घालायची. फेरा फार लांबवला तर आकडा उलटून ऋण होतो किंवा खेळ बंद पडतो. आता सांगा, ही गोम की फट? प्रोग्राम लिहिल्याबरहुकूम चालला आहे, पण असं व्हावं हे कुणाच्याच मनात नव्हतं.

म्हणूनच ग्लिचलेस, म्हणजे ग्लिच न वापरता धावायच्या, गटात काय चालेल आणि काय नाही याची यादी बनवावी लागते. व्याख्येवर भागत नाही.

दुसरं, बोलताना लोक काय म्हणतात ते ऐका. 'ग्लिच बसला', 'ग्लिच बसेना', 'क्लिप लागली' (भिंतीतून आरपार जाणं), 'स्किप हुकला' (खेळाचा एखादा भाग गाळणं). ग्लिच पुल्लिंगी झाला, क्लिप स्त्रीलिंगी झाली, क्रियापदं आपोआप चिकटली. 'बसणं' हे क्रियापद विशेष सुंदर आहे, कुलपात किल्ली बसते तसं. शब्द मराठी झाला हे याहून वेगळं कसं सिद्ध करायचं? उपशीर्षकात सरळ 'ग्लिच' लिहा.

बोरू
क्रियापद मराठी असलं की नाम कुठलंही चालेल, हा युक्तिवाद मान्य केला तर शब्दचर्चेचं कारणच उरत नाही. 'स्किप'ला मराठीत किती सुरेख सोय आहे: 'फाटा देणं'. 'भाषणांना फाटा देऊन' असं आपण लिहितोच. फाटा म्हणजे रस्ता फुटतो ती जागा, एसटीच्या पाटीवरचा वाकण फाटा. क्रमाने करायच्या कामगिऱ्या सोडून मॉरोविंडमध्ये थेट शेवटच्या टप्प्याचा रेड माउंटन गाठणं म्हणजे कथेला फाटा देणं. शब्दशः आणि लाक्षणिक, दोन्ही अर्थांनी.

रसायन
फाटा मान्य. तिथे त्याची किंमतही चुकवावी लागते हे मात्र लक्षात ठेवा. ओड्रोसल किल्ल्यातून कीनिंग आणि वेमिनल किल्ल्यातून संडर ही शस्त्रं घेतली, पण रेथगार्ड हा हातमोजा नसताना ती हातात धरली तर प्राण सतत झिजतात. प्राण भरून काढणारी औषधं पुरेशी हवीत. क्रमही चुकता कामा नये: शेवटी नष्ट करायच्या लोरखानच्या हृदयावर आधी संडरचा घाव, मग कीनिंगचे. आणि कथेला आवश्यक माणूस मेला तर भविष्यवाणीचा धागा तुटल्याचं खेळ कळवतो, पण पुढे खेळायला मना करत नाही. करणाऱ्यांनी हाही फाटा गृहीत धरला होता. म्हणजे ही पुन्हा गडवाटांची चोरदिंडीच.

करवीर
एक वेगळा मुद्दा. तपासणाऱ्यांचा 'त्रुटी'चा आग्रह आहे त्यामागे 'हे रडीचा डाव खेळतात' ही समजूत असावी. ती खोडली पाहिजे. अंचई म्हणजे ठरलेला नियम गुपचूप मोडणं. एनी पर्सेंट गटात सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं की शेवट गाठायचा, कसाही. तिथे भिंतीपलीकडे जाणं ही अंचई नाही, कसब आहे. शब्दात दोष आला की ते कसब दिसेनासं होतं. म्हणून माझा कौल 'फट'ला. फटीला दोष चिकटत नाही, ती नुसती असते.

उपशीर्षक
सर्वांचे आभार. शॉर्टकटला 'चोरदिंडी' घेतोय. 'फट' की 'ग्लिच' ते अजून ठरत नाही, 'गोम'लाही मन धजत नाही. तोवर त्याच वाक्यातली दुसरी अडचण विचारतो. स्कायरिममध्ये जी वस्तू हातात धरतात ती लाकडी आहे. तिला 'ताटली' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'काठवट' केलं, लाकडी म्हणून.

आरटीए
काठवट चुकीचं. काठवटीला खोली असते, भाकरीचं पीठ मळता यावं म्हणून. इथे वस्तू चपटी असणं हेच महत्त्वाचं आहे. उचलण्याची कळ दाबून धरायची, ताटली भिंतीला सपाट टेकवायची, अंग तिला भिडवायचं आणि पळत घुसायचं किंवा व्हर्लविंड स्प्रिंट (जादूची वेगवान झेप) मारायचा. ताटली तिरकी राहिली तर निसटून पडते आणि तुम्ही भिंतीवर आपटता. दुसरं म्हणजे पलीकडे जमीन आहे ना ते आधी माहीत हवं, नसेल तर पोकळीत पडाल. आणि जुन्या आवृत्तीत चित्रं सेकंदाला 60 च्या वर जाऊ देऊ नका. तिची भौतिकी त्या आकड्याला बांधलेली आहे, वस्तू आपोआप उडू लागतात.

शाईपेन
लाकडाची चपटी ती 'ताटली' कशी? ताटली धातूची. 'पाट' म्हणा.

करवीर
पाटावर बसतात. खाली पाय असतात त्याला, भिंतीला सपाट टेकणार कसा?

बोरू
ते पाय नव्हेत, आडव्या पट्ट्या. त्यांना 'पाय' म्हणतात का तुमच्याकडे? आमच्याकडे तर त्यांना वेगळा शब्द आहे. सुतारांपैकी कुणी इथे आहे का?